त्या उन्हाळ्यातली सर्दी

होळीची राख थंड झाली की माझे हात स्वस्थ बसत नाहीत. आता खरं तर करण्यासारखं काही उरलेलं नाही. शिरूरचं आमचं दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली. तरी काल दुपारी मी स्टुलावर चढले, माळ्यावरची अवजारांची कॅनव्हासची पिशवी खाली काढली, झटकली आणि तिचे खण उघडून पाहिले. मोठे पाने डावीकडे, छोटे उजवीकडे, मधल्या खणात पॅकिंगची दोरी, वरच्या कप्प्यात पुसायची फडकी. सगळं जागच्या जागी होतं. पिशवी परत वर ठेवली. थोड्या वेळाने पुन्हा काढली.

"काय शोधतेस?" मिस्त्रींनी खाटेवरून विचारलं.

"काही नाही."

"मग बस की जरा."

बसवत नाही, हीच तर अडचण आहे. ऊन पांढरं पडायला लागलं, लिंबाची वाळली पानं रस्त्यावर खरखरत पळायला लागली, रसवंतीचे घुंगरू ऐकू यायला लागले की मला वाटतं, कुठेतरी एखादं मशीन बंद पडलंय आणि आपल्याला निघायला उशीर होतोय.

मिस्त्री म्हणजे माझे यजमान. सगळा तालुका त्यांना मिस्त्री म्हणायचा, आणि नाव घ्यायची सवय मला कधी नव्हतीच, म्हणून इथेही मिस्त्रीच म्हणते. बर्फखान्यांची यंत्रं दुरुस्त करणं हे त्यांचं काम. त्या यंत्रांचे सुटे भाग विकायचं छोटं दुकान शिरूरच्या बाजारपेठेमागे होतं, ते मी सांभाळायची. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या भागात घरोघरी फ्रीज आले नव्हते. उन्हाळा लादीवर चालायचा. लग्नातले पाण्याचे पिंप, यात्रेतले गारीगारवाले, रसवंत्या, धरणाच्या फुगवट्यातून येणारी मासळी, सगळ्यांना बर्फाची लादी लागायची. आणि ती लादी जिथे तयार होते ती जागा थंडगार असेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी बर्फखाना पाहिलेला नसतो. पत्र्याची तापलेली शेड. मधोमध मिठाच्या पाण्याचा हौद, त्यावर लाकडी झाकणं, आत गोड्या पाण्याने भरलेले लांबट डबे. हौदातून फिरणाऱ्या नळ्यांमध्ये अमोनियाचा गॅस. आणि एका कोपऱ्यात तो गॅस दाबणारा कॉम्प्रेसर, दिवसरात्र धडधडणारा. त्याच्या व्हॉल्व्हच्या पट्ट्या तडकतात, सील झिजतं, पॅकिंग वाळून त्याचा भुगा होतो. सीझनच्या आधी हे सगळं बदलून घ्यायचं असतं. आमच्याकडचे मालक ते सीझनच्या आधी कधीच बदलून घ्यायचे नाहीत. मशीन ऐन लग्नसराईत थांबलं की मग निरोपांवर निरोप.

अमोनिया गळतो. तो गळणारच, पण गळायच्या आधी सांगतो. थोडा सुटला तर नाकाला कळतं, जास्त सुटला तर डोळ्यांना, त्याहून जास्त सुटला तर श्वासच घेता येत नाही. मिस्त्री म्हणायचे, "हा गॅस इमानदार हाय. आधी हाक मारतो, मग हात उचलतो." पलीकडच्या तालुक्यातल्या एका कारागिराला ती हाक ऐकू आली नाही, कारण त्याने नाकाशी फडकं बांधलं होतं. त्याचे दोन्ही डोळे गेले. मिस्त्रींनी नाकाला कधी फडकं बांधलं नाही. त्यांचं नाक हीच त्यांची पाटी होती. दौंडच्या बर्फखान्याचे मालक आप्पा ज्याला त्याला सांगायचे, "आमचा मिस्त्री फाटकातनंच सांगतो, कंच्या नळीला भोक हाय ते." बाकीचे कारागीर गंधकाची कांडी पेटवून नळ्यांजवळून फिरवायचे. जिथे गॅस असेल तिथे तिचा धूर एकदम पांढरा आणि दाट होतो. मिस्त्री हसायचे. "नाक दिलंय की देवानं. कांडी कशाला जाळायची?" तरी मी पिशवीत कांडी ठेवायचीच, कारण पिशवीत जे असायला हवं ते मी ठेवते. ती तशीच परत यायची, दरवर्षी जरा जास्त पिवळी होऊन.

त्या वर्षी होळीच्या आसपास एका सकाळी मी मागच्या दारी धुणं वाळत घालत होते. आत दूध उतू गेलं, नुसतं उतू नाही, पातेल्याच्या बुडाशी लागून काळं झालं. मला दोरीपाशी करपट वास आला. पळत आत आले तर मिस्त्री शेगडीपासून हातभर अंतरावर पेपर वाचत बसलेले.

"अहो, दूध."

त्यांनी पेपर खाली केला, पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सर्दी झालीय," ते म्हणाले.

नाक कोरडं, आवाज मोकळा, खोकला नाही, शिंक नाही. मी आल्याचा काढा केला. त्यांनी मुकाट्याने प्यायला. दुसऱ्या दिवशीही प्यायला. आठवडा गेला तरी सर्दी होती आणि काढा चालू होता. काढा अगदी तिखट करत गेले, तरी तक्रार नाही. मग मला चैन पडेना. एक दिवस आमटीला फोडणीच दिली नाही. मिस्त्री भुरके मारत म्हणाले, "आज आमटी झकास." त्यांच्या पाठीमागे उदबत्ती लावली, त्यांनी मान वळवली नाही. दिवा भरताना रॉकेलचा बोळा त्यांच्या उशापाशी विसरल्यासारखा ठेवला, तो त्यांनी दिसल्यावर उचलून बाहेर टाकला. दिसल्यावर. मी दिवसभर दुकानात खोकी एका फळीवरून दुसऱ्या फळीवर हलवत राहिले. गिऱ्हाईक गॅसकेट मागायचं आणि मी त्याच्या हातात बेल्ट द्यायची.

त्यांना विचारावं असं रोज ठरवायची. पण विचारून मिळणार काय? "सर्दी." आणि समजा ते खरं बोलले, तर पुढे काय? आमच्या धंद्यात बातमी एसटीच्या आधी पोचते. नाक गेलेला मिस्त्री ही बातमी शिरूरहून निघाली असती तर संध्याकाळपर्यंत दौंडला असती, आणि ज्याचं नावच नाकावर चालतं त्याला कोण बोलावणार? हे झालं कामाचं. त्याच्या मागे दुसरी भीती होती, ती मी मनातसुद्धा सरळ शब्दांत येऊ देत नव्हते. गॅस हाक मारेल आणि यांना ती ऐकू येणार नाही. डोळे झोंबले की कळेल, पण तेव्हा हात उचललेला असेल.

चैत्र लागला. दौंडहून आप्पांचा निरोप आला, की मशीन दाब धरत नाही, सील फुरफुरतंय, वडगाव रासाईला मोठं लग्न तोंडावर आलंय, ताबडतोब या. मी पिशवी भरायला घेतली. व्हॉल्व्हच्या पट्ट्या, स्प्रिंगा, गॅसकेट, नवं सील, दोरी. मिस्त्री दारात उभे राहून चप्पल घालत होते. पाठमोरेच म्हणाले, "गंधकाची कांडी टाकलीस का?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

"टाकलीय," मी म्हणाले. "आणि मी पण येतेय."

"तू कशाला?"

"सील नव्या व्यापाऱ्याकडचं आहे. बसतंय का ते डोळ्यांनी बघते. नाही बसलं तर मलाच भांडायचंय त्याच्याशी."

कारण चोख होतं. दुकानाला कुलूप लावलं आणि स्कूटरवर मागे बसले.

शिरूर ते दौंड हा रस्ता मी डोळे मिटून सांगू शकले असते, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा जाणवलं की तो खरोखरच डोळे मिटून सांगता येण्यासारखा आहे. न्हावऱ्याच्या पुढे कांद्याच्या काढणीचा उग्र वास. पारगावच्या पुलावर भीमेच्या आटलेल्या पात्रातला शेवाळाचा. चौफुल्याला भज्यांच्या तेलाचा आणि ट्रकच्या टायरांचा. मी एकेक वास घेत होते आणि पुढच्या पाठीकडे बघत होते. ती पाठ नुसती रस्ता बघत चालली होती.

पाटसजवळ दौंडकडे वळायच्या आधी मिस्त्रींची एक ठरलेली सवय होती. तिथल्या साखर कारखान्याची मळी गाळपाच्या दिवसांत अशी घमघमते की एसटीतला झोपलेला माणूस जागा होतो. त्या वळणावर ते दर वेळी म्हणायचे, "मळीचा वास आला. आता दौंड आलंच म्हणून समज." त्या दिवशीही वळण आलं. मिस्त्रींनी मान जराशी मागे वळवली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मळीचा वास आला बघ."

गाळप संपलं होतं. धुराडं शांत होतं, उसाच्या गाड्यांचा मागमूस नव्हता, तोडणीच्या टोळ्या कधीच आपापल्या गावी परतल्या होत्या. हवेला फक्त तापलेल्या मातीचा वास होता.

"हो," मी म्हणाले.

दुसरं काय म्हणणार? पुढचा सगळा रस्ता मी स्कूटरचं मागचं कडं इतकं घट्ट धरलं होतं की उतरल्यावर बोटं उघडेनात.

आप्पा फाटकातच उभे होते. पांढरी टोपी, कपाळाला घाम. "या मिस्त्री. आज वहिनींना बी आणलं? मशिनीला ओवाळायचं हाय का काय?"

"सील बघायला आलेय," मी म्हणाले.

"बघा की. आमचं काय, मशीन चालल्याशी कारण. उद्या वऱ्हाडाला पाणी गरम दिलं तर पावणे माझ्या नावानं शिमगा करतील."

आत गेनूमामा होते, हौदावरचे. डबे भरायचे, काढायचे, लादी सोडवायची, भुशात लावायची. त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर मेंढरं राखली. गेनूमामा म्हणायचे, "बानं मेंढरं राखली, म्या बर्फ राखतो. मेंढरू पळून जातं, बर्फ पघळून जातो. लक्ष ठेवायचं दोन्हीवर."

काम सुरू झालं. अशा मशीनला हात घालायच्या आधी आतला गॅस टाकीत ओढून घेऊन कोंडायचा असतो, आणि कॉम्प्रेसरमध्ये उरलेला रबरी नळीने पाण्याच्या पिंपात सोडायचा. पाणी तो पिऊन टाकतं. पिताना आतून तडतड आवाज येतो, गरम तव्यावर मोहरी टाकावी तसा. मी त्या पिंपापाशी उभी राहिले. तडतड थांबली तेव्हा मिस्त्रींनी कॉम्प्रेसरचं डोकं उघडलं. व्हॉल्व्हची एक पट्टी मधोमध चिरलेली होती, दुसरीचा तुकडाच गायब. तो तुकडा पिस्टनवर सापडला. नव्या पट्ट्या बसल्या, स्प्रिंगा बसल्या, गॅसकेट बसलं. जुनं सील निघालं, नवं बसलं. बसलं म्हणजे अगदी टोपणासारखं बसलं, त्यामुळे माझं तिथलं काम संपलं होतं.

"झालं ना वहिनी?" आप्पा म्हणाले. "या, हापिसात पंख्याखाली बसा."

"बरी आहे इथेच."

मिस्त्रींनी खिशातून काडेपेटी काढली आणि गंधकाची कांडी पेटवली. आप्पांच्या भुवया वर गेल्या. "आँ? कांडी? तुमच्या नाकाला काय झालं?"

"सर्दी."

"चैतात?"

"जलमभर बर्फात हात मी घालतोय," गेनूमामा हौदावरून म्हणाले, "आन् सर्दी मिस्त्रीला."

दोघंही हसले. मिस्त्रीही हसले. मी हसले नाही, कारण माझं लक्ष कांडीकडे होतं. दुपारचं वारं सुटलं होतं. शेडच्या जाळीतून गरम झोत येत होता आणि कांडीचा धूर सरळ उभा राहायच्या आत विस्कटून जात होता. वाऱ्यात कांडीचा काही उपयोग नसतो. हे मिस्त्रींना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी ती सगळ्या सांध्यांवरून फिरवली, काही दिसलं नाही, विझवली आणि व्हॉल्व्ह उघडून मशीन चालू करायला सांगितलं.

मशीन धडधडायला लागलं. काटा चढला. आप्पांनी हात जोडले. आणि तेव्हा मला वास आला. गोठा दोन दिवस झाडला नाही की येतो तसा, पण सुईसारखा बारीक. मी एक पाऊल डावीकडे सरकले, वास गेला. परत उजवीकडे सरकले, वास आला. भिंतीच्या बाजूला, कॉम्प्रेसरच्या मागे, वर जाणाऱ्या नळीवर एक हाताने फिरवायचं चाक होतं. तिथून. आणि मिस्त्री नेमके त्याच बाजूला वाकले होते. दाब चढला की नेहमी करायचे तसा चाकाखालचा नट आवळायला त्यांनी पाना लावला होता, आणि चेहरा त्या नटापासून वीतभर.

ओरडावं तर काय ओरडावं? "सरका, गॅस आहे" म्हटलं की आप्पांचा पहिला प्रश्न, "मग मिस्त्रीला कसा आला न्हाई?" सर्दीवर हसणारे आप्पा तेव्हा हसले नसते. न ओरडावं तर पाना फिरेल. माझ्या तोंडातून निघालं ते मी आधी ठरवलेलं नव्हतं. मी पदर नाकाला लावला आणि चांगल्या किरकिऱ्या आवाजात म्हणाले, "अहो, मला नाही बाई उभं राहवत इथं. काय तो वास. हौदाकडे एवढा नव्हता. हे भिंतीकडचं चाक आहे ना, त्याच्याजवळ तर मळमळायला लागलंय मला."

पाना थांबला. मिस्त्रींनी चाकाकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात दूध, काढा, आमटी, मळी, सगळं येऊन गेलं. मग त्यांनी पाना अलगद उचलून घेतला, मागे सरकले आणि शांतपणे म्हणाले, "मामा, मशीन बंद करा."

"आता कशाला?" आप्पा कळवळले.

"बंद करा म्हणतो ना."

या वेळी पहिल्यांदाच ओलं फडकं डोळ्यांच्या खाली बांधून, गॅस दोन्ही बाजूंनी कोंडून, त्यांनी तो नट सोडवला. आतलं पॅकिंग जळून त्याचे नुसते धागे उरले होते. नटाचे आटे पार खाल्लेले. अजून एक फेरा आवळला असता तर नट निसटला असता आणि दाबातला सगळा गॅस सरळ चेहऱ्यावर. गेनूमामांनी तो नट हातावर घेऊन फिरवून बघितली. "लई थोडक्यात गेलं," ते म्हणाले.

आप्पांनी टोपी काढून डोकं पुसलं. "वहिनींचं नाक भारीच नाजूक. माहेर कुठलं म्हणायचं?"

"वढू बुद्रुक."

"मग तिकडं कुठला आलाय बर्फखाना. नवा वास हाय, सोसायचा न्हाई."

"नाहीच सोसत," मी म्हणाले.

परतताना पाटसच्या वळणावर मिस्त्रींनी मळीचं नाव काढलं नाही. पारगावच्या पुलावर त्यांनी स्कूटर कडेला घेतली. इंजिन तापलंय, म्हणाले. इंजिन तापलेलं नव्हतं. खाली पात्रात कुणीतरी म्हशी घातल्या होत्या. आम्ही कठड्याला टेकून त्या म्हशींकडे बघत उभे राहिलो.

"केडगावला जायचंय परवा," ते म्हणाले. "तिथलं सील बी नव्या व्यापाऱ्याचंच टाकणार हाय."

"मग बघायला हवं," मी म्हणाले.

"दुकान?"

"दुपारनंतर उघडू."

एवढंच बोलणं झालं. त्या उन्हाळ्यात मी शिरूर आणि दौंड तालुक्यातला एकही बर्फखाना सोडला नसेल. जाईन तिथे कुरकुरायची. डोकं दुखतंय म्हटलं तर वास पुसट आहे. मळमळतंय म्हटलं तर जवळच आहे. "जरा बाहेर जाऊन येते" म्हटलं तर मिस्त्री आधी सगळ्यांना बाहेर काढायचे. हे आम्ही कधी बसून ठरवलं नाही, होत गेलं. माझी ख्याती मात्र पसरली. एका मालकाने मला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, "मिस्त्री देवमाणूस, पण बायको म्हंजी निव्वळ कटकट." मिस्त्रींनी मान हलवली. "व्हय. पण आता काय करता." मी पदराआड हसू दाबलं. बाईमाणसाने अशा जागी यायचं नाही हा तिकडचा रिवाज, पण कटकट्या बायकोला नवऱ्याने बरोबर आणलं तर त्याची कीवच येते लोकांना. त्या किवेच्या आडोशाने आमचं काम चाललं.

पण चैन नव्हती ती नव्हतीच. पूर्वी मिस्त्री कामाला गेले की दुकानात माझं मन रमायचं. आता मी शेडमध्ये उभी असायची आणि प्रत्येक श्वास कामाला लावलेला असायचा. साधा श्वास घेणं विसरून गेले होते. रात्री घरी आल्यावरसुद्धा खोल्या हुंगत फिरायची. आणि मधूनच मनात यायचं, की गॅसचं मी बघून घेईन, पण बाकीच्याचं काय? एकदा शिरूरच्या बाजारात मिस्त्रींनी आंब्याच्या पाटीतून एक आंबा उचलला, सवयीने देठाकडून नाकाला लावला आणि तसेच थांबले. कुणाला तरी हाक मारून ओ येईल म्हणून थांबावं, तसे. मग आंबा जागेवर ठेवला आणि भाव न विचारताच पुढे चालायला लागले. पुढे पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, की इतकी वर्षं गॅस हुंगून आतली शीरच मेली आहे, आता ती परत येणार नाही. ते ऐकायला आम्ही दोघं बरोबर गेलो होतो. पण ते नंतर. त्या उन्हाळ्यात अजून सर्दीच होती.

तसले बर्फखाने आता फारसे राहिले नाहीत. गेल्या वर्षी आम्ही हमरस्त्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात जेवायला थांबलो, तर तिथे कपाटाएवढं बर्फाचं मशीन. खालच्या दारातून चौकोनी खडे खळखळ पडत होते. त्याचं काहीतरी बिघडलं होतं, एक कारागीर पंखा आणि गॅसची नळी बदलत होता. मिस्त्री ताट सोडून तिथे जाऊन उभे. त्या मशीनमधल्या गॅसला वास नसतो. कारागिराच्या हातात छोटं यंत्र होतं, ते नळीजवळून फिरवलं की गॅस सुटलेल्या जागी पीं पीं वाजायचं. मिस्त्रींनी ते जरा वेळ ऐकलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझीच जात. कटकट करतंय." कारागीर गोंधळून आमच्याकडे बघत राहिला.

आणि एक राहिलं. गजऱ्याचं.

दौंडला गेले की मिस्त्री स्टेशन रस्त्यावरच्या एका फुलवाल्याकडून मोगऱ्याचा गजरा आणायचे. लग्न झाल्यापासूनची सवय. निवडताना तो नाकाशी धरायचे, दोन-तीन गजरे परत ठेवायचे, मग एक घ्यायचे आणि पानात बांधून शर्टाच्या खिशात. घरी येईपर्यंत खिशालाही वास लागायचा. त्या उन्हाळ्यात गजरे यायचे, पण कालचे. कधी परवाचे. पाकळ्यांच्या कडा तपकिरी, वास आंबूस. फुलवाल्याच्या लक्षात आलं असणार, की हा माणूस आता परत काही ठेवत नाही, पहिला हातात दिला की घेतो. मी ते माळायची. दुकानात एक बाई म्हणाली, "वहिनी, गजरा शिळा दिसतोय." मी म्हटलं, "उन्हानं झालाय." नंतर मी बरोबर जायला लागले, फुलवाल्यासमोर उभी असायची, तरी तिथे माझं नाक बंद. गॅस गळत असेल तर बोलायचं असं आमचं न ठरवता ठरलं होतं. इथे काही गळत नव्हतं. यांच्या हाताने दिलेलं फूल शिळं आहे हे कसं सांगायचं? ते मला मशीनपेक्षा अवघड जायचं.

मृगाच्या आधी सीझन संपतो. शेवटचं काम आप्पांचंच होतं, आवराआवरीचं. गॅस टाकीत कोंडून ठेवायचा, तेल काढायचं, हौदाची झाकणं उन्हात घालायची. मी दोनदा कुरकुरले, मिस्त्रींनी दोन्ही ठिकाणी पाना लावला. निघताना गेनूमामा म्हणाले, "वहिनी, आता पुढल्या साली." आप्पा म्हणाले, "तवर तरी सवय करा वासाची."

स्टेशन रस्त्यावर मिस्त्रींनी स्कूटर थांबवली. फुलवाल्याने त्यांना बघितलं, पाटीत हात घातला आणि तळातून एक गजरा वर काढला. मिस्त्रींनी तो घेतला. नाकाशी नेला नाही. खिशातही ठेवला नाही. मागे वळले, गजरा तळहातावर घेतला आणि हात माझ्यासमोर धरला.

"बघ बरं," ते म्हणाले. "मला काही कळत नाही आता."

त्या सबंध उन्हाळ्यात हे वाक्य पहिल्यांदा बोललं गेलं, आणि तेही भर रस्त्यात, टांग्यांच्या आणि हमालांच्या गलक्यात. विचारलेल्या गोष्टीचं उत्तर द्यायला हवं होतं. मी वाकून वास घेतला.

"शिळा आहे," मी म्हणाले. "कालचा पण नाही, परवाचा."

फुलवाला काहीतरी पुटपुटला. मिस्त्रींनी गजरा त्याच्या पाटीत परत ठेवला.

"ताजा काढ," ते म्हणाले. "आन् ह्यापुढं माझ्या हातात द्यायचा न्हाई. हिच्या हातात द्यायचा. वास हिला कळतो."